एक घर सोडून आवतण

मी जन्माची भोचक. घरी, शाळेत, नोकरीत, सगळीकडे हे ऐकून घ्यावं लागलंय आणि त्यात खोटं काहीच नाही. बेकरीत पाव आणायला गेले तरी भट्टी किती वाजता पेटवता हे विचारून येते. वाशीतल्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते तिथे मला पाठीमागे 'चौकशी समिती' म्हणतात. एकटीच समिती, अध्यक्षही मीच आणि सचिवही मीच. त्यामुळे आमच्याकडे बहिष्काराचा वाद पेटला तेव्हा बाकीच्यांना टेन्शन आलं आणि मला, खरं सांगते, उत्सुकता लागली.

झालं होतं असं. इस्रायलमधल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार व्हायचा होता. विषय माझाच, खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात. मी मूळची बोनकोड्याची. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या खारात भात काढायचं, हे आमच्या घरात चार पिढ्या चाललं. आता त्या शेताच्या जागी सात मजल्यांची सोसायटी आहे, पण भाताचा लाल रंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे करारात मला रस होता हे लपवत नाही. कागद तयार झाले, सह्या राहिल्या, आणि एका सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर मुलांचं निवेदन लागलं. गाझात जे चाललंय ते बघता हा करार करू नका, असं.

निवेदनात पुढाकार होता शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा. रबाळ्याला राहते, वडील तिथल्याच एका कारखान्यात आहेत. हुशार पोरगी, माझ्याच वर्गातली. मी तिला प्रयोगशाळेत गाठलं आणि म्हटलं, बस, मला सगळं समजावून सांग. तिला वाटलं मी झापायला बोलावलंय. पण पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की या बाईला खरंच ऐकायचंय, मग ती सुटलीच. म्हणाली, तिथली विद्यापीठं नुसती पुस्तकं वाचत बसत नाहीत, लष्करासाठी संशोधन करतात. पॅलेस्टाईनमधल्या प्राध्यापकांनीच जगाला विनंती केली आहे की यांच्याशी संबंध तोडा. त्यांच्या हातात दुसरं काही उरलेलं नाही.

मी विचारलं, मग ज्यू लोकांना वाईट वाटणार नाही का? ती म्हणाली, ज्यूंच्या विरुद्ध असणं वेगळं आणि झायनवादाच्या विरुद्ध असणं वेगळं. झायनवाद म्हणजे त्या भूमीवर ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं हा विचार, आणि विचाराला विरोध करता येतो, माणसाला नाही. निवेदनाच्या तिसऱ्या ओळीत तसं स्पष्ट लिहिलंय, तिने बोट ठेवून दाखवलं. 'आमचा विरोध संस्थेला आहे, व्यक्तींना नाही.' मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

मग मी दुसऱ्या बाजूला गेले. आमचे गणिताचे सर साताऱ्याकडचे, वाद घालायला नेहमी तयार. त्यांचं म्हणणं, ज्ञानाला कसली सरहद्द? तिथल्या सरकारला शिव्या देणारे सगळ्यात जास्त लोक त्या विद्यापीठांतच बसलेत, त्यांचंच दार तुम्ही बंद करणार. जगात इतक्या ठिकाणी अन्याय चाललाय, मग याच एका देशाशी का? आणि विचार वेगळा, माणूस वेगळा हे कागदावर ठीक आहे, पण गर्दी जमली की कोण तपासून बघतो? मी त्यांचंही लिहून घेतलं. मला दोघांचं पटत होतं, हीच माझी पंचाईत. घरी येऊन वाचायला बसले की एका लेखाने डावीकडे झुकायचे, दुसऱ्याने उजवीकडे. भाकरी करपायला लागली तरी वाचन सुटेना.

त्या आठवड्यात मी कोणाला सोडलं नाही. प्राचार्यांना विचारलं, कॅन्टीनवाल्याला विचारलं, गेटवरच्या वॉचमनलासुद्धा विचारलं. तो म्हणाला, मॅडम, आपण काय बोलणार, पण लहान पोरं मरतात ते बघवत नाही.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. आम्ही दोघी सतरा वर्षं दुपारचा डबा एका टेबलावर खात आलो. ताई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. राहायला पनवेलला, मूळ गाव अलिबागकडे, पूर्वज तेलघाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात शनवार तेली. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आमची ओळख झाली तीच डब्यावरून. मी आगऱ्याची पोर, माझ्या डब्यात कोलंबी असायची, आणि ताई पापलेट चवीने खायच्या पण कोलंबीला हात लावायच्या नाहीत. मी का म्हणून विचारलं. खवले आणि पंख असतील तोच मासा चालतो, त्या म्हणाल्या. मग चिंबोरी? नाही. मग बोईट? बोईट चालेल. आठवडाभर मी एकेका माशाचं नाव घेऊन त्यांची परीक्षा घेतली. दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची ती तिरकी डबी का, मलिद्यात पोहे का, चिकाच्या हलव्यात दुधाऐवजी नारळाचं दूध का, सगळं विचारून झालं. ताई हसून उत्तरं द्यायच्या.

कॉलेजात नवीन वाचनकक्ष झाला तो ताईंमुळे. पूर्वी तिथे मोडक्या बाकांचं गोदाम होतं. सहा वर्षं त्यांनी अर्ज केले, खिडक्या कुठे हव्यात याचे नकाशे स्वतः काढले, उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे म्हणून टेबलं फिरवून घेतली. उद्घाटन ताईंच्याच हस्ते होणार हे प्राचार्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. त्या दिवशी डबा उघडता उघडता त्या मला म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं लोकांना गप्प बसा म्हणत आलेय. एकदा मला बोलायचंय." भाषण लिहायला घेतलं होतं. मोरपंखी साडी घेतली होती, मला तिचा फोटो दाखवला होता.

करारावर चर्चा सभागृहात झाली. गर्दी इतकी की मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसली. रबाळ्याची मुलगी उभी राहिली. तिने आधी गाझातल्या पाडलेल्या विद्यापीठांबद्दल सांगितलं, मग एकदम आजोबांवर आली. परभणीकडच्या गावात तिच्या आजोबांनी मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळून देईना. कोणीतरी मागून विचारलं, मग तूच कसा बहिष्कार मागतेस? ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "ज्याच्या हातात गिरणी आहे त्याने दळण नाकारणं आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याने हात मिळवायला नकार देणं, हे सारखं कसं?" टाळ्या पडल्या. गणिताच्या सरांनीही टाळी वाजवली, मी बघितलं. मग त्यांनी त्यांचं म्हणणं मांडलं, तेही चांगलं मांडलं. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. दोन तास बसल्या आणि उठून पुस्तकं लावायला गेल्या.

निर्णय झाला नाही. कॉलेजात निर्णय होत नसतो, समिती होते. तशी एक नेमली.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. निमंत्रण पत्रिका माझ्याकडे असते, माझं मराठी बरं म्हणून. ते वाईट माणूस नव्हेत. कपाळ चोळत होते. म्हणाले, वातावरण तापलंय. वाचनकक्षाच्या कार्यक्रमात कोणी घोषणा दिल्या तर ताईंनाच त्रास. आता या सगळ्यात त्यांचं नाव, कोणी काही अर्थ काढला तर? वाद नको. पत्रिकेवर 'मान्यवरांच्या हस्ते' एवढंच टाकू या. बघू नंतर.

मी "हो सर" म्हणाले. इतकंच. मला एकही प्रश्न पडला नाही. मी, जी बेकरीवाल्याला भट्टी विचारते.

ताईंना कोणी सांगायचं हे ठरलंच नाही. मला वाटलं सर सांगतील. सरांना वाटलं मी रोज डबा खाते, मी सांगेन. पत्रिका स्टाफच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेली. अभिनंदनाचे फुगे आले, फुलं आली. ताईंनी नमस्काराचे हात टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली. उरलेल्या रजा संपवतेय, असं कार्यालयात कळवलं. मी डबा एकटीने खाल्ला आणि स्वतःला सांगितलं की रजा आहेत तर घेणारच ना माणूस.

रबाळ्याची मुलगी मोबाईल घेऊन प्रयोगशाळेत आली ती तणतणत. "मॅडम, ताईंचं नाव कुठंय?"

मी वातावरण, घोषणा, त्रास, असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "आमी असं कुठं म्हटलं होतं? तिसरी ओळ तुमीच अंडरलाइन केली होती ना?" तिचे डोळे भरले होते, रागाने. आता सगळे म्हणणार पोरांनी बाईंना काढायला लावलं. आम्ही एका विद्यापीठाला नको म्हटलं आणि तुम्ही पनवेलच्या आपल्या बाईंना काढलंत. तिने एवढं बोलून ॲप्रन काढला, घडी न घालता टेबलावर टाकला आणि गेली. मला चांगलंच लागलं, कारण तिचं सगळं बरोबर होतं.

त्या संध्याकाळी आय मागच्या पडवीत बोईट साफ करत बसली होती. आय म्हणजे माझी आई, ऐंशीच्या पुढची, पण कोयता अजून तिच्याच हातात. मी तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि मला एकदम गावातलं एक घर आठवलं.

आमच्या गावात लग्नाचं आवतण तोंडी द्यायची रीत. बायका कुंकू आणि अक्षता घेऊन दारोदार फिरायच्या. माझ्या आत्याच्या लग्नात मी आठ-नऊ वर्षांची, ताट माझ्या हातात. सरकार नव्या शहरासाठी जमिनी घेत होतं आणि गावाने ठरवलं होतं की कोणीही नोटीस घ्यायची नाही. एका घराने घेतली. गावकी बसली, घर वाळीत पडलं. त्यांची मुलगी शाळेत माझ्या बाकावर बसायची. आवतण देत देत आम्ही त्यांच्या दाराशी आलो आणि आय सरळ पुढे निघाली. मी ओरडले, आय, यांचा घर ऱ्हायला. आय मागे न बघता म्हणाली, "ऱ्हायला नाय. सोरलाय." चुकून राहिलं नव्हतं, मुद्दाम सोडलं होतं. माझी मैत्रीण उंबऱ्यावर वेणी घालून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी ताटाकडे.

मी आयला विचारलं, तुला आठवतं का ते? ती म्हणाली, आठवतं कनाला नाय, का नाही आठवणार. आणि बराच वेळ खवले काढत राहिली. गाव काय वाईट नव्हतं, ती म्हणाली. सरकारशी लढायचं तर एकी पाहिजे, एक फुटला की सगळे फुटतात. हे मला पटलं. रबाळ्याच्या मुलीच्या भाषणानंतर तर जास्तच पटलं, कारण गावाच्या हातातही दुसरं काही नव्हतं. मग आय म्हणाली, दोन वर्षांनी गावाने त्यांना परत घेतलं, धाकट्या काकाच्या लग्नात ती स्वतः कुंकू घेऊन त्यांच्या दारात गेली. "त्यांनी कुंकू लावून घेतला. चहा दिला. पन लग्नाला आला नाय कोनी." तिने कोयता धुतला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, नाव परत टाकतेय. ते सुटल्यासारखे म्हणाले, टाका, टाका. म्हणजे त्यांनाही झोप नव्हती. ताईंच्या नावाची पत्रिका नव्याने छापून घेतली. शनिवार टाळला आणि रविवारी सकाळी पनवेलला गेले.

ताईंनी दार उघडलं आणि चौकटीवरच्या तिरक्या डबीला स्पर्श करून मला आत घेतलं. चहा आणला, सोबत खारी. मी पत्रिका पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, छापखान्याच्या नावापर्यंत, आणि घडी घालून बशीखाली ठेवली. मी माफी मागितली. खूप बोलले, नको तेवढं बोलले. सर, वातावरण, गैरसमज. त्या ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "तू सगळ्यांना विचारत फिरलीस. पोरांना, सरांना, वॉचमनला. मला का नाही विचारलंस?"

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

"मी काय म्हणाले असते, ते तरी माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. कोलंबी का चालत नाही ते मला माहीत होतं. शनिवारी दिवा का पेटवत नाहीत ते माहीत होतं. जी गोष्ट त्या बाईच्या काळजात महिनोन् महिने जळत होती ती मी विचारली नव्हती, कारण मी उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. ती ज्यू आहे ना, मग ती काय म्हणणार हे विचारायचं कशाला? मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आता विचार," ताई म्हणाल्या.

मी विचारलं. त्या बोलायला लागल्या. त्यांचा मोठा भाऊ इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. त्यानेच त्यांना सायकल शिकवली, रेवदंड्याच्या रस्त्यावर, मागून सीट धरून. तिकडे गाझातून हल्ला होऊन लोक मारले गेले, धरून नेले, त्या दिवशी त्याचा फोन लागेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढे गाझातली पोरं टीव्हीवर बघून यांनी त्याला फोनवर विचारलं, हे काय चालवलंय तुम्ही? त्यानंतर दोघं बोललेले नाहीत. करार आत्ता करू नका, असंच त्या म्हणाल्या असत्या. पण निवेदनाची शेवटची ओळ खोडा, असंही म्हणाल्या असत्या. मी पर्समधून निवेदन काढलं. तिसऱ्या ओळीखाली माझी रेघ होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की इस्रायलचं समर्थन करणाऱ्या कोणालाही कॉलेजात व्यासपीठ देऊ नये. ती मी वाचली होती आणि मला काही खटकलं नव्हतं.

"माझा भाऊ चुकतोय असं मला वाटतं. पण त्याला गेटवर अडवून कोण विचारणार, तू कोणाचं समर्थन करतोस? आणि मला?" ताई म्हणाल्या. तो देश नसावा असं त्यांना वाटत नव्हतं. तो देश जे करतोय ते थांबावं असं वाटत होतं. आता मला झायनवादी म्हणायचं की झायनवादविरोधी ते तुमच्या समितीला ठरवू दे, असं म्हणून त्या हसल्या. मलाही हसू आलं आणि रडूही. चहावर साय धरली होती.

निघताना मी म्हटलं, ताई, याच गोष्टी वाचनकक्षात बोला. सगळे ऐकतील.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं. एकच माणूस होतं ऐकायला. चालेल."

सोमवारी मी रबाळ्याच्या मुलीला सगळं सांगितलं. शेवटच्या ओळीवर ती आधी भांडली, मग म्हणाली, मला ताईंचा पत्ता द्या. ती गेलीही, कॉलेज बुडवून. परत आली तेव्हा मी सवयीने विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, ते तुम्हीच जाऊन विचारा. पण नोटीस बोर्डावरच्या निवेदनाला एक ओळ कमी झाली होती. बाकी निवेदन जागेवर होतं, करार अजून समितीत आहे, आणि माझं मत अजूनही दोन्हीकडे झुकतं.

उद्घाटन ठरल्या वेळी झालं, कात्रीचं ताट धरायचं काम माझ्याकडे होतं. खिडक्यांतून उजेड बरोबर डाव्या खांद्यावरून येत होता. पहिल्या रांगेत ताईंसाठी ठेवलेल्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माईकवर सांगितलं की ताई काही अपरिहार्य कारणामुळे येऊ शकल्या नाहीत. ते अपरिहार्य कारण तिथेच, फितीच्या बाजूला, कात्रीचं ताट धरून उभं होतं.